अपेक्षाचा बस्ता

मंजुळाबाईंनी आपल्या एकुलत्या एका लेकीला टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती अर्ध्या चड्डीवर आणि बनियनवर एका गोदामाच्या मागे लपलेली होती. हातात बंदूक होती, त्याचं मंजुळाबाईंना काही वाटलं नाही. पण डोक्यावर हिरव्या अक्षरांत ‘अपेक्षा साखरखेर्डा’ असं नाव तरंगत होतं आणि टीव्हीसमोर सतरंजीवर अर्धी गल्ली पोहे खात बसली होती.

गल्ली गोळा केली होती शालिग्रामरावांनी. ‘तो मोबाइल टाक विहिरीत’ असं वर्षभर पोरीच्या नावानं ओरडणारा हाच तो बाप. पण चिखलीच्या मोबाइल गेम स्पर्धेत पहिलं बक्षीस चाळीस हजारांचं आहे हे कळलं आणि त्यांचं मत एका संध्याकाळीत बदललं. तेव्हापासून आठवडी बाजारात वांगी तोलताना ते गिऱ्हाइकाला पोरीची बातमी फुकटात देत होते. आज अपेक्षा आतल्या खोलीत बसून उपांत्य फेरी खेळत होती आणि ती नेटवर थेट दाखवत होते, म्हणून हा पोह्यांचा घाट घातला होता.

खेळ तसा समजायला सोपा. चार-चार जणांच्या टोळ्या विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, झाडाझुडपांत दडतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी जी टोळी जिवंत उरते ती जिंकते. अपेक्षाच्या टोळीत देऊळगाव राजाची तीन पोरं होती. प्रसेनजित त्यांचा कप्तान. पण नेम लागावा तर अपेक्षाचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी त्या दिवशी नऊ जणांना लोळवून टीमला फायनलमध्ये घेऊन गेली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या, पोहे संपवले आणि जाता जाता शेजारणीनं मंजुळाबाईंच्या कानात सांगितलं, “पोरगी हुशार आहे हो तुमची. पण कपडे तेवढे पहा.”

सगळे गेल्यावर मंजुळाबाईंनी दार लावलं.

“हे काय घालून फिरून राह्यली तू?”

“ते मी नाई आई. गेममधलं क्यारेक्टर आहे ते. फुकटात भेटते ते असंच भेटते.”

“वर नाव कोनाचं होतं?”

“माहं.”

“गाव कोनाचं?”

“आपलं.”

“मंग चड्डी कोनाची?”

अपेक्षाच्या डोक्यात त्या वेळी भलतीच काळजी होती. ती खेळायची बापाच्या फोनवर, आणि तो फोन ऐन गोळीबारात असा तापायचा की चित्र जागच्या जागी थिजायचं. प्रसेनजितनं तिला सरळ सांगितलं होतं, की फायनलपर्यंत कसंही निभावून नेऊ, पण पुढे टीममध्ये राहायचं तर स्वतःचा चांगला फोन पाहिजे. तसा फोन वीस हजारांच्या खाली नव्हता. मग बापलेकीत करार झाला होता. पहिलं बक्षीस आलं तर अपेक्षाच्या वाट्याला दहा हजार येणार, त्यात शालिग्रामराव दहा घालणार आणि तिला फोन घेऊन देणार. हरली, तर त्याच दिवशी गेम फोनमधून काढायचा आणि पुन्हा त्याचं नाव घ्यायचं नाही. अपेक्षाला स्वतःच्या नेमाची खात्री होती, म्हणून तिनं हो म्हटलं होतं.

मंजुळाबाईंनी तोवर दुसरबीडला आपल्या धाकट्या भावाला, गोविंदाला फोन लावला. “फायनल चिखलीले आहे. मंगल कार्यालयात आहे. मोठ्या पडद्यावर दाखवनार आहेत, पाचशे लोकं राह्यतीन. आन आपली पोरगी बनियनवर.”

मंगल कार्यालय म्हटलं की कार्य आलं, कार्य म्हटलं की बस्ता आला, आणि भाचीच्या बस्त्यात पहिला मान मामाचा. गोविंदामामाचं दुसरबीडला रोडवर चहा-भज्यांचं हॉटेल आहे. दुसऱ्या दिवशी ते हॉटेल बायकोवर सोपवून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते मोटारसायकलवर हजर झाले. घरात सतरंजी पुन्हा अंथरली गेली. फोन पाटावर ठेवला, भोवती सगळे मांडी घालून बसले, चहा फिरला आणि गेममधलं कपड्यांचं दुकान उघडलं.

“ही काय प्यांट आहे? गुडघ्यावर फाटेल आहे.”

“ते तसंच राह्यते मामा.”

“कितीले?”

“सातशे.”

“आन शिवलेली कितीले आहे?”

अपेक्षानं संधी साधली. तिनं आधीच हेरून ठेवलेला एक साधा, गवती हिरव्या रंगाचा, गळ्यापासून पायापर्यंतचा पोशाख काढून दाखवला. “हा घेऊ मामा. चारशेचा आहे. अंगभर आहे. आन गवतात लपलं त अजिबात दिसत नाई.”

“दिसत नाई त घ्याचा कायले?” मामा म्हणाले. “लोकं म्हनतीन मामानं काहीच नाई केलं. जरा भारीतलं दाखव.”

भारीतलं म्हणजे एक सोनेरी कोट निघाला. गळ्यापासून टाचेपर्यंत लांब, बाह्यांना झालर, आणि चालताना त्यातून पिवळे किरण बाहेर पडायचे. मंजुळाबाईंच्या तोंडून नुसतं ‘अगं माय’ एवढंच निघालं. किंमत सव्वीसशे रुपये. मामांनी चष्मा वर केला. “पंचवीसशे म्हन त्याले.”

“कोनाले म्हनू मामा? इथी दुकानदार नाई.”

“मंग पैसे कोन घेते?”

हे कोणालाच नीट सांगता आलं नाही. अपेक्षानं शेवटचा प्रयत्न केला. “मामा, त्यापरीस मले आठशेचा एक छोटा पंखा घेऊन द्या न. फोनच्या मांगं लावाचा असते. त्यानं फोन थंडा राह्यते, अटकत नाई.”

“फोनच्या मांगं?”

“हाव.”

“मंग थो पडद्यावर दिसन का?”

“नाई.”

मामा तिच्याकडे बघून मायेनं हसले आणि त्यांनी सव्वीसशे रुपये भरले. कोट आला. फोन हातोहात फिरला, प्रत्येकानं अंगठ्यानं तो कोट चोहोबाजूंनी फिरवून पाहिला, आणि शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवला. मंजुळाबाईंचा जीव भांड्यात पडला. तो जेमतेम दोन दिवस तिथे राहिला.

तिसऱ्या दिवशी रोहिणखेडहून जनकाबाईंचा फोन आला. जनकाबाई म्हणजे शालिग्रामरावांच्या थोरल्या बहीण, अपेक्षाची आत्या. त्यांना बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळली होती आणि नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या. “माह्या भावाच्या घरचं पह्यलं कार्य. त्यात साळ्याले बलावलं, बस्ता झाला, आन सख्ख्या बहिनीले फोन नाई. मी काय मेली होती का रे?”

शालिग्रामरावांनी पाऊण तास समजूत काढली. दुकान फोनमधलं आहे, कपडे खोटे आहेत, पोरगीही खोटीच आहे, असं सगळं सांगून पाहिलं. जनकाबाईंचं एकच म्हणणं होतं, की सव्वीसशे खरे होते ना. शेवटी तोडगा निघाला. अंगावरचं मामाचं झालं, तर डोक्यावरचं आत्याचं. जनकाबाईंनी व्हिडिओ कॉलवर तासभर बघून एक मुकुट पसंत केला. त्याला मोरपिसं होती आणि वर निळी ज्योत सतत जळत होती. मुकुट अकराशेचा होता.

“पावसात इझत त नाई न?” त्यांनी विचारलं.

“नाई आत्या,” अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, पण व्हिडिओ कॉलवर तो आनंदाचा वाटला.

इकडे शालिग्रामरावांच्या मनात मात्र पोरीबद्दल खरंच काहीतरी आलं होतं. मिरचीच्या पैशातून त्यांनी आठशे रुपये बाजूला काढले होते, त्या पंख्यासाठी. मंजुळाबाईंना ते कळलं. “अंगावर मामाचं आहे, डोक्यावर आत्याचं आहे. बापाचं काय आहे? लेकीले पाचशे लोकायसमोर अनवानी धाडता का?” आठशेंचे बूट आले. ते घालून चाललं की प्रत्येक पावलामागे जमिनीवर एक गुलाबी कमळ उमटायचं आणि बराच वेळ तिथेच राहायचं. पंख्याचा विषय तिथे संपला.

त्या संध्याकाळी सरावाला प्रसेनजितचा आवाज फोनमधून आला. “अपेक्षा, हे काय घालून आली बे? मी त्या टोकाच्या डोंगरावरून तुले पाह्यलं.”

“फायनलले काढून टाकीन. एक बटन दाबलं का निघते.”

“नक्की न?”

“नक्की,” अपेक्षा म्हणाली. एका बटणाचं काम आहे असं तिला मनापासून वाटत होतं. एकोणीस वर्षं याच घरात काढूनही तिला असं वाटावं, याचं नवल आहे.

फायनलच्या दिवशी सकाळी साखरखेर्ड्याहून जीप निघाली. त्यात अपेक्षा, आई, बाप, मामा, आत्या आणि दोन शेजारी होते. खेळाडू एकटी आणि सोबत सहा माणसं. मंगल कार्यालयात पहिली रांग मान्यवरांसाठी राखीव होती. जनकाबाईंनी खुर्च्यांवरचे कागद काढून पर्समध्ये ठेवले आणि सगळे तिथे बसले. समोर स्टेजवर खेळाडूंची टेबलं आणि वर भिंतभर पडदा होता. फेऱ्या तीन होत्या आणि तिन्हींचे गुण मिळून निकाल लागणार होता. बक्षिसं पहिल्या तिघांनाच होती.

पहिल्या फेरीला अपेक्षानं बटण दाबलं. कोट गेला, मुकुट गेला, बूट गेले. चड्डी-बनियनवर ती गवतात उतरली आणि त्या मळक्या रंगात अशी मिसळून गेली, की सहा जण तिच्या हातून गेले तरी गोळी कुठून आली ते शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. टीम पहिली आली. कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. पहिली रांग मात्र सुतकात बसली होती.

“थो कोट कुठी आहे?” मामांनी हळूच विचारलं. मग ते उठले आणि खुर्चीखाली चपला शोधायला लागले. “मी निंगतो ताई. हॉटेलवर कोनी नाई.” पलीकडे जनकाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. “माहा मुकुट फेकला पोरीनं. सगळ्या चिखलीसमोर फेकला.” मंजुळाबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. शालिग्रामराव उठून स्टेजच्या कडेला गेले.

“अपेक्षा, कोट घाल.”

“बाबा, त्याच्यात दिसते न मी.”

“दिसावं म्हनूनच देल्ला त्यानं.”

“मी मरीन बाबा.”

“तू गेमात मरशीन. मले दुसरबीडले जा लागते, रोहिणखेडले जा लागते. जलमभर जा लागते.”

“आन हरलो त? फोनचं काय?”

“करार म्हनजे करार,” शालिग्रामराव म्हणाले आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसले. अपेक्षानं खाली पाहिलं. मामा एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन उभे होते. तिला त्यांचा राग आला, बापाचा राग आला, सर्वात जास्त स्वतःचा राग आला. तिनं बटण दाबलं आणि कोट घातला.

दुसरी फेरी तिच्यापुरती चाळीस सेकंदांची झाली. विमानातून उडी मारल्यापासूनच त्या हिरव्यागार बेटावर एक पिवळा दिवा खाली येताना सगळ्या टोळ्यांना दिसला. तिचे पाय जमिनीला लागायच्या आत चार बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. पडद्यावर दृश्यं दाखवणाऱ्या पोराला तेवढी एकच गोष्ट ठळक दिसत होती, म्हणून त्यानं चाळीसही सेकंद कॅमेरा तिच्यावरच ठेवला. ती पडली. किरण निघतच होते. मामांनी चप्पल खाली ठेवली आणि मागच्या रांगेकडे वळून सांगितलं, “कोट पाह्यला का? मेली तरी चमकून राह्यला.”

आता आत्याच्या तोंडावरचा पदर बाजूला झाला होता, पण तोंड उतरलेलंच होतं. तिसऱ्या फेरीला मुकुट आला, आणि मुकुट आला म्हटल्यावर बापाचे बूट मागे ठेवणं मंजुळाबाईंना पटेना. अपेक्षा शहाणपणानं पळत सुटली आणि टीमसोबत एका घरात जाऊन दडली. चौघंही दाराआड श्वास रोखून होते. बाहेर समुद्रकिनाऱ्यापासून त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत गुलाबी कमळांची रांग लागली होती. शत्रूची टोळी त्या कमळांवरून सरळ चालत आली. अपेक्षानं तरीही नेम धरला, आणि नेमका त्याच क्षणी तापलेल्या फोनवरचं चित्र थिजलं. चित्र पुन्हा हललं तेव्हा चौघंही जमिनीवर आडवे होते आणि मुकुटावरची निळी ज्योत जळत होती.

टीम चौथी आली. तिसऱ्या नंबरपेक्षा दोन गुण कमी पडले.

प्रसेनजित टेबलावरून उठला. तो चिडला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं शांतपणे वायर गुंडाळली. “तू लय चांगली खेळतं अपेक्षा. तुह्यावाचून आमी फायनलले आलोच नसतो. पन टीममध्ये चारच जन घेता येते. तुह्यासंगं सहा येते.” अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही.

मग बक्षीस समारंभ झाला. विजेत्यांच्या हातात चाळीस हजारांचा भला मोठा पुठ्ठ्याचा चेक दिला गेला, फोटो निघाले. शेवटी निवेदकानं प्रमुख पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. पाहुणे म्हणजे गावातल्या एका वस्त्रदालनाचे शेटजी. दुपारभर ते त्या पडद्याकडे, रुग्ण डॉक्टरकडे बघतो तसे, काही न कळता बघत बसले होते.

“मले या खेळातलं काही समजत नाई,” शेटजी माइकवर म्हणाले. “पन कपड्यातलं समजते. चाळीस वर्सं झाले या धंद्यात. आज इथी सगळे पोट्टे मळकट कपड्यावर आले. एक लेक तेवढी नीटनेटकी आली. अंगभर कपडा, डोक्यावर मुकुट. ह्याले संस्कार म्हन्ते. माह्याकडून त्या लेकीले उत्कृष्ट वेशभूषेचं बक्षीस, पाच हजाराची साडी, शाल आन नारळ.”

पहिली रांग एका दमात उभी राहिली. मामांनी शिट्टी वाजवली. जनकाबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईला मुकुट आपला असल्याचं सांगितलं. अपेक्षा स्टेजवर गेली, शेटजींनी तिच्या हातात साडीचा खोका दिला, आणि फोटोग्राफरनं तिला थोडं हसायला सांगितलं. खाली शालिग्रामराव डोळे पुसत होते. पोरगी चौथी आली आहे, हे त्या क्षणी त्यांना कोणी पटवून देऊ शकलं नसतं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये साडीची वाटणी झाली. मंजुळाबाईंनी ती मानानं जनकाबाईंना दिली, शाल मामांच्या खांद्यावर टाकली, नारळ गाडीवाल्याला दिला. अपेक्षा मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसली होती. तिनं बापाचा फोन हातात घेतला.

“बाबा, करार ठरला होता. काढून टाकू का गेम?”

“काढतं काऊन?” शालिग्रामरावांनी फोन जवळजवळ हिसकावलाच. “पाच हजाराचं बक्षीस आनलं त्यानं.”

“हरलो न आपन.”

“कोन म्हन्ते? नंबरवाल्यायले काय भेटलं? पुठ्ठा. आपल्याले साडी भेटली.”

“मंग नवा फोन?”

“याच फोनवर त बक्षीस आलं. नवा कायले पाह्यजे?” शालिग्रामराव म्हणाले. आणि खरोखर पोरीचं कौतुक वाटून त्यांनी पुढे सांगितलं, की खेळत राहा, कोणी काही म्हणणार नाही, मी पाठीशी आहे.

मामांचं लक्ष आधीच पुढे गेलं होतं. “पुढल्या महिन्यात जालन्याले मोठी स्पर्धा आहे म्हन्ते. मी पाह्यलं दुकानात, मांगून पंख लावता येते, सात रंगाचे. आयतवारी बस्ता करू. यावेळी आत्यालेबी बलावजा.”

“मले टीममधून काढलं मामा,” अपेक्षा म्हणाली. तिला हुंदका आवरेना. “कोनासंगं खेळू मी? एकट्यानं कशी जिंकू?”

मंजुळाबाईंनी पोरीला जवळ ओढलं, तिचे डोळे पदरानं पुसले आणि डोक्यावरून हात फिरवला.

“रडतं कायले माय? त्या खेळाच्या भानगडीत पडतंच काऊन तू? जालन्याले गेल्यावर नुसती उभी राह्यजो.”